आधी डोळ्यांच्या कडा बघ

पोरी, उद्या तू आरोग्य उपकेंद्रात रुजू होणार. बीपी बघायला, ताप मोजायला तुला शिकवलंय. पण तोंडानं 'बरं हाय' म्हणणाऱ्या बाईचं दुखणं कसं ओळखायचं, एवढं माझ्याकडून ऐकून जा.

कुणी हसलं की ओठ बघू नकोस, डोळ्यांच्या कडा बघ. मनापासून हसताना गाल वर चढतात, कडेला सुरकुत्या पडतात. फ्रान्समधल्या द्यूशेन नावाच्या डॉक्टरनं १८६२ साली हे लिहून ठेवलंय: ओठ हवे तसे हलवता येतात, डोळ्याभोवतीचा स्नायू सहसा ऐकत नाही. तुझे आजोबा माणूस वाचायला बैलबाजारात शिकले. सौदा रुमालाखाली, बोटांवर चालायचा. आजोबांची नजर मात्र समोरच्याच्या गळ्यावर असायची. भाव मनात भरला की तो आवंढा गिळायचा.

पण लगेच निवाडा करू नकोस. सासऱ्यापुढं मान खाली घालणारी सून काही लपवत नसते, ती आपल्याकडची रीत आहे. पौषात कालव्याकाठी हात छातीशी आवळून उभा असलेला गडी रागावलेला नसतो, गारठलेला असतो. माणसाची रोजची चाल ध्यानात ठेव, मग त्यात काय बदललं ते बघ.

सोमेश्वर साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या आपल्या कोऱ्हाळ्याच्या शिवारात कोप्या घालतात. एका साली त्यातली एक पोरगी आमच्या फडात होती, कायम हसतमुख. एक दिवस मोळी डोक्यावर घेताना तिचा खालचा ओठ दाताखाली गेला, पायाची बोटं मातीत रुतली. मी तिथंच विचारलं, "काय होतंय गं?" ती हसली, पण आधी मुकादमाकडं बघून. चुकलं माझं. असं चारचौघांत विचारायचं नसतं.

संध्याकाळी ताक न्यायला म्हणून तिला घरी बोलावलं. चुलीपुढं बसवलं आणि मी भाकरी थापत राहिले, तिच्याकडं वर मान करूनही बघितलं नाही. दोन भाकरी झाल्या. तिसरी तव्यावर टाकली तेव्हा ती बोलली. चौथा महिना होता, आणि दोन दिवस अंगावरून लाल जात होतं.

ती भाकरी तव्यावर तशीच राहिली. आम्ही बारामतीचा रस्ता धरला.