अर्ज लिहिणारा कोण?

(नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींच्या आईबापांसाठी पाठ)

पाठाचा हेतू : ज्या साधनाने आपली मुले आज नोकरी शोधतात त्याची ओळख आईबापांनी करून घ्यावी, आणि शोधाच्या दिवसांत मुलांच्या जवळ बसण्यास शिकावे.



१९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत आपल्या कंधार भागातील सरकारी कचेरीची भाषा उर्दू होती. ज्यास मराठी अक्षरे वाचण्याची पंचाईत, त्यास उर्दू कोठून येणार? मग तो अर्जनवीसाकडे जाई, आपले गाऱ्हाणे तोंडी सांगे, आणि लिहून झालेल्या कागदावर अंगठा उठवी. कागदात काय लिहिले आहे हे त्यास कळत नसे. अर्जनवीस भला असला तर काम होई. लबाड असला तर शेत जाई.

आज कचेरीची भाषा मराठी आहे व आपली मुले शिकलेली आहेत. तरी तालुक्याच्या गावी ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानाबाहेर जो बाप हातात आधारकार्ड व पैसे घेऊन उभा असतो, त्याची स्थिती त्या आजोबांहून फार निराळी आहे असे आम्हांस वाटत नाही. आत काय भरले जात आहे हे त्यास ठाऊक नाही, आणि विचारण्यास संकोच वाटतो.

१. काळ कसा बदलला आहे

पूर्वी नोकरीची बातमी माणसाच्या तोंडून येई. पुण्यामुंबईस गेलेला चुलता निरोप धाडी, किंवा गुरुजी सांगत. आता जाहिरात, अर्ज, फी, प्रवेशपत्र, निकाल हे सर्व मोबाइलवर येते. म्हणून मुलगा दिवसभर मोबाइल पाहतो एवढ्यावरून तो आळशी आहे असा निकाल देऊ नये. कदाचित तो खेळत असेल. कदाचित तो काम शोधत असेल. विचारल्यावाचून ते कळत नाही.

दुसरी गोष्ट आकड्यांची. २०२३ सालच्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. फी खुल्या प्रवर्गास १,००० रुपये व राखीव प्रवर्गास ९०० रुपये होती. दिवाळीनंतर उसतोडीला जाणाऱ्या घरात ही रक्कम लहान नव्हे. पण दोनशेंपैकी एकाचीच निवड होणार, तेथे उरलेले सारे नालायक ठरत नाहीत. निकालाच्या दिवशी हा हिशेब बापाने आठवावा, व शेजाऱ्याच्या मुलाचे नाव त्या दिवशी तरी घेऊ नये.

२. आमच्याच घरी घडलेली गोष्ट

हे आम्ही दुसऱ्यास शिकवितो, परंतु आधी आम्हांसच शिकावे लागले. आमच्या थोरल्या मुलास शिक्षण संपवून दीड वर्ष झाले होते. एके सायंकाळी आम्ही त्यास सर्वांदेखत बोललो की, "ह्या डबीने तुझे वाटोळे केले." तो काही बोलला नाही.

पुढल्या महिन्यात त्याच्या मोबाइलवर निरोप आला की, विमानतळावर सामान हाताळण्याच्या कामासाठी तुमची निवड झाली आहे. प्रथम नोंदणीचे १,५०० रुपये मागितले, मग गणवेशाचे, मग वैद्यकीय तपासणीचे. आईने शेळ्या विकून ठेवलेल्या पैशांतून त्याने एकंदर ११,००० रुपये भरले. नंतर तो क्रमांक बंद झाला.

चार दिवस तो खाली मान घालून जेवत होता. पाचव्या दिवशी त्याने आईस सांगितले, आम्हांस नव्हे. आम्ही तक्रार केली, पण तोपर्यंत पैसे खात्याखात्यांतून निघून गेले होते. पहिल्याच दिवशी कळविले असते तर काही रक्कम कदाचित अडविता आली असती. तो का बोलला नाही, ह्याचे उत्तर आम्हांस ठाऊक होते. आमच्या त्या एका सायंकाळच्या बोलण्याने त्याचे तोंड बंद केले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

३. खोटी नोकरी कशी ओळखावी

(क) भरती परीक्षेची जाहीर केलेली फी ही एक गोष्ट. नेमणुकीसाठी मागितलेले पैसे ही दुसरी. खरा मालक कामाचे पैसे देतो. जो नोंदणी, गणवेश, अनामत अशा नावांनी आधी पैसे मागतो, त्याचा निरोप तेथेच सोडावा. जो "आत ओळख आहे" म्हणून लाखांची गोष्ट करतो, तो ओळखीचा असला तरी त्यास दार दाखवावे.

(ख) सरकारी भरतीची जाहिरात त्या खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावी. सरकारी पत्त्याचा शेवट बहुधा 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा असतो. अर्ज दुसऱ्या ठिकाणी भरावयाचा असेल तर तेथे जाण्याची वाट खात्याच्या पानावरूनच धरावी. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून जाऊ नये.

(ग) ओटीपी व यूपीआयचा पिन कोणासही सांगू नये. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो देताना लागतो. आपल्या कंधारच्या किल्ल्याभोवती मोठा खंदक आहे. पण दरवाजा आतून उघडून दिला तर खंदक काय करील?

(घ) घरबसल्या चित्रफिती पसंत करा व रोज पैसे मिळवा, असे सांगणारे प्रथम शेदोनशे रुपये खरेच देतात. मग मोठी रक्कम भरावयास लावतात. ते पहिले पैसे गळावरचे आमिष होय.

(ङ) परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या दलालास केंद्र सरकारचा परवाना लागतो. तो 'ई-मायग्रेट' ह्या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. संगणकाच्या नोकरीचे आमिष दाखवून कित्येक भारतीय तरुणांस म्यानमार, कंबोडिया, लाओस ह्या देशांत नेले गेले, व तेथे कोंडून त्यांच्याकडूनच इतरांस फसविण्याचे काम करवून घेतले गेले. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधील अशा पाचशेहून अधिक जणांस भारत सरकारने विमानांनी परत आणले.

(च) पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ह्या क्रमांकावर फोन करावा व बँकेस कळवावे. हा क्रमांक घरातील भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

४. आईबापांनी काय करावे

प्रथम, मुलाजवळ बसावे. "कोणता अर्ज भरतोस, मला वाचून दाखव," एवढे म्हणावे. समजले नाही तर पुन्हा विचारावे. आपल्या मुलास विचारण्यात कमीपणा नाही. वाचून दाखविताना मुलाच्याच कानास खोटे कळते, असा आमचा अनुभव आहे.

दुसरे, एकाच वाटेवर सर्व वर्षे घालवू नयेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री, जोडारी, वेल्डर असे हातचे काम शिकता येते, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात शिकताना विद्यावेतनही मिळते. राष्ट्रीय करिअर सेवा ह्या सरकारी संकेतस्थळावर २०१५ पासून नोकरीसाठी विनामूल्य नोंदणी करता येते. मोटार दुरुस्त करणाऱ्या मुलाचे नाव लग्नाच्या बोलणीत दबक्या आवाजात घेण्याची आपली रीत आता सोडावी.

तिसरे, मुलीस विसरू नये. पुष्कळ घरी मोबाइल मुलाच्या हाती असतो व मुलीच्या अर्जाची तारीख निघून जाते.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या मुलाने वा मुलीने शेवटचा अर्ज कोठे केला, हे आपणांस सांगता येईल काय?
२. त्यांचे पैसे फसवणुकीत गेले तर ते प्रथम कोणास सांगतील? आपणांस सांगणार नसतील तर का?
३. आपल्या गावात अर्ज भरून देणारा कोण आहे? भरलेला अर्ज तो वाचून दाखवितो काय?
४. फसलेल्या मुलास गावात हसले जाते काय? त्यामुळे दुसरे किती जण गप्प राहत असतील?

ह्या आठवड्याचे काम : एका सायंकाळी मुलास मोबाइल घेऊन जवळ बसवावे, आणि अर्ज कसा भरतात हे त्याच्याकडून शिकून घ्यावे. त्या वेळी त्यास रागे भरू नये. आमच्या घरी हे आता दर शनिवारी होते. मुलास अजून मनाजोगी नोकरी लागलेली नाही. पण आलेला प्रत्येक निरोप तो आधी आम्हांस दाखवितो.