मागचा टायर

मुलांनो, मोटारसायकलीला पुढे ढकलते ते मागचे चाक. इंजिनाची शक्ती त्याच चाकाला मिळते. म्हणून मागचा टायर विचार करून निवडावा लागतो.

‘ट्रायल’ नावाची मोटारसायकलींची एक स्पर्धा असते. तिच्यात वेगाला महत्त्व नसते. जमिनीला पाय न टेकवता खडकांवरून व ओढ्यातून जायचे असते. पाय टेकला की दंडाचा गुण मिळतो. या गाडीचा मागचा टायर बहुधा ४.००-१८ मापाचा असतो. म्हणजे रुंदी सुमारे ४ इंच आणि रिमचा व्यास १८ इंच. त्याचे रबर मऊ असते. त्यात हवा फार कमी भरतात. त्यामुळे टायर दबतो, खडकाला जास्त जागेत चिकटतो व घसरत नाही.

मग दिंडोरीतल्या आपल्या गाडीला हाच टायर बसवावा का? नाही! डांबरी रस्त्यावर मऊ रबर लवकर झिजते. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि गाडी डुलते. पावसाळ्यात शेतवाटेवरची काळी माती त्याच्या जवळजवळच्या ठोकळ्यांत भरते. मग टायर गुळगुळीत होऊन घसरतो.

रोजच्या गाडीला कंपनीने सांगितलेल्या मापाचाच टायर घ्या. बाजूवरचे चार अंक वाचा. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. टायरच्या खाचा पाणी बाहेर टाकतात. खाचा झिजल्या, तर पावसात ब्रेक दाबूनही गाडी वेळेवर थांबत नाही. तेव्हा थोडे पैसे वाचवू नका, जीव वाचवा. जशी वाट, तसा टायर!

शब्दार्थ : झिजणे – घासून कमी होणे, खाच – खोल रेघ.

प्रश्न : ट्रायलच्या टायरमध्ये हवा कमी का भरतात?