रंगाचे पैसे डिपॉझिटमधून?

प्रश्न : बेलपाड्यात आम्ही तिघी मैत्रिणी अकरा महिने भाड्याने राहिलो. खोली सोडताना मालकांनी साठ हजारांच्या डिपॉझिटमधून रंग आणि 'साफसफाई' म्हणून बावीस हजार कापले. करार नोंदवलेला नाही, म्हणून आम्हाला काहीच करता येणार नाही, असे ते म्हणतात. खरे आहे का?
– एक विद्यार्थिनी, बेलपाडा

उत्तर : नाही, खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999च्या कलम 55 नुसार लेखी करार करून तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोडून काढायचे तर पुरावा मालकाने द्यायचा. त्यामुळे घाबरू नका.

वापराने भिंती मळणारच. ते नुकसान नव्हे. मात्र तुमच्या हातून बेसिन फुटले असेल, तर तो खर्च मान्य करा. तुमच्या बाजूचे वजन त्याने वाढते. रंगाऱ्याचे बिल लेखी मागा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश, डिपॉझिट पाठवल्याची बँकेतील नोंद, खोली सोडतानाचे फोटो जपून ठेवा. 'पूर्ण रक्कम मिळाली' अशा कागदावर सही मात्र मुळीच करू नका.

पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. बरेचदा तेवढ्यावरच भागते. नाहीच भागले, तर पनवेल न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षे असते. पण उशीर करू नका.