नजर ठेवायची, पण किती रुपयांची?

स्मृतिभ्रंश झालेले वडील एकदा वाट चुकले, की घरचे धावतात ते कॅमेरा आणायला. खरं तर कॅमेऱ्याचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी भीती नेमकी कशाची, ते ठरवा.

दार उघडून निघून जातील ही भीती असेल, तर दाराचा चुंबकी अलार्म ३०० ते ७०० रुपयांत मिळतो. दार उघडलं की वाजतो. बघत काही नाही, ऐकतही नाही. पुष्कळ घरांत एवढ्यावर भागतं.

जीपीएस ट्रॅकर साधारण २,००० ते ५,००० रुपयांना. घेताना ४जी आहे ना, विचारा. नुसत्या २जीच्या यंत्रात जिओचं सिम चालत नाही. रिचार्ज वेगळा, काही ठिकाणी ॲपची वर्गणीही. घड्याळासारखा ट्रॅकर बाबा काढून ठेवणार, हे धरूनच चाला. त्यापेक्षा सदऱ्याला आतून चोरखिसा शिवून घ्या. कपडे धुवायला टाकताना ट्रॅकर काढणं आणि चार्ज करणं एकाच माणसाकडे द्या. एअरटॅग साडेतीन हजारांच्या आसपास, पण त्यात जीपीएस नसतं. आसपासच्या ॲपल फोनांच्या आधारे तो सापडतो. लक्ष्मी रोडसारख्या गर्दीच्या रस्त्यावर ठीक, गावाकडच्या शिवारात भरवसा नाही.

वायफाय कॅमेरा १,५०० ते ३,००० रुपये, मेमरी कार्ड निराळं. सांभाळायला येणाऱ्या बारा तासांच्या मावशींना महिन्याला वीस हजारांच्या पुढे मोजावे लागतात, म्हणून तो स्वस्त वाटतो. पण पडलेल्या आईला कॅमेरा उचलत नाही. उलट तिचं डायपर बदलताना मुलगा, जावई, परदेशातला भाचा, ज्याच्याकडे पासवर्ड तो बघू शकतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ घरगुती वापराला लागू होत नाही. तेव्हा आईची लाज राखणं घरच्यांच्याच हाती. कॅमेऱ्याचं तोंड दाराकडे ठेवा, पलंगाकडे नको. न्हाणीघरात तर नाहीच. पासवर्ड दोघांकडेच असू द्या. मावशींनाही पहिल्याच दिवशी सांगा; लपवून कॅमेरा लावण्याइतका संशय असेल, तर सरळ मावशी बदला.

आजाराचं निदान नवं असतानाच विचारून घ्या: ‘बाबा, तुम्ही कुठे आहात ते आम्हाला फोनवर दिसलं तर चालेल?’ उत्तर तारखेसह वहीत लिहा. पुढे ट्रॅकर पाहून ते चिडू लागले, तर तेही उत्तरच समजा आणि दुसरा उपाय शोधा.

फोन नंबर लिहिलेली कापडी पट्टी कपड्यांना आजच शिवा, तिला खर्च नाही. आणि माणूस खरंच हरवला, तर ॲप चाळत बसू नका; आधी ११२ ला फोन करा.