दुकानदाराचा मुलगा आणि वेबची विद्या

प्रश्न : मी बारावीत असून वेब प्रोग्रॅमिंग शिकतो. किराणा दुकान चालवणाऱ्या वडिलांना तो कालापव्यय वाटतो. त्यांची समजूत कशी घालू?

उत्तर : ज्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, त्यांचे मातापिता दोघेही फेरांटी मार्क १ या आरंभीच्या संगणकावर काम केलेले गणिती होते, असा वारसा तुम्हांस नसला, तरी पिढ्यांचा हिशेबी व्यासंग तुमच्या घरी आहे, आणि तो मला मोलाचा वाटतो. म्हणून युक्तिवाद न करता वडिलांनाच उधारीच्या वहीतील रकाने विचारा, एचटीएमएलमध्ये त्यांचे कोष्टक मांडा, बाकीची बेरीज जावास्क्रिप्टकडे सोपवा. मात्र गिऱ्हाइकांची नावे आंतरजालावर न चढवता घरच्याच संगणकात ठेवा, आणि परीक्षा संपेपर्यंत या उद्योगास रविवारच राखून द्या.