अर्धा विश्वास घेऊन आलेला बाप

आजचे शास्त्रवाचन : मार्क ९:१४-२९



आजचा शास्त्रभाग शक्य झालं तर मोठ्याने वाचा. मी वाडीहून ऑफिसला जाताना बसमध्ये वाचतो, तेव्हा अमरावती रोडवरचे ट्रक मोठ्याने वाचू देत नाहीत, पण हा भाग कानाने ऐकावा असाच आहे. गर्दी आहे, शास्त्री वाद घालत आहेत, शिष्य ओशाळलेले आहेत आणि मध्ये एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन उभा आहे. येशू पेत्र, याकोब आणि योहानाला घेऊन डोंगरावर गेला होता. खाली राहिलेल्या नऊ जणांकडे बापाने मुलगा आणला, पण त्यांना काहीच जमलं नाही.

हा भाग आज मुद्दाम घेतला, कारण मागच्या महिन्यात आमच्या प्रार्थना-गटात एका आईला कोणीतरी सांगितलं, "ताई, प्रार्थना खूप झाली, आता तुमचाच विश्वास कमी पडतोय." तिचं लेकरू वर्षभरापासून आजारी आहे. ती काही बोलली नाही, डबा उचलून घरी गेली. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता हे मला माहीत आहे, पण ते वाक्य चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मार्कच्या या अध्यायावरूनच दाखवता येतं.

बाप येशूला म्हणतो, तुझ्याने काही होत असेल तर आमच्यावर दया कर. म्हणजे होईल याची त्याला खात्री नाही. आत्ताच नऊ शिष्य हरलेले त्याने पाहिलेत, मग खात्री येणार कुठून? येशू त्याच्या त्या "तर"वर बोट ठेवतो. तेव्हा बाप ओरडून दोन गोष्टी एकाच दमात बोलतो : माझा विश्वास आहे, आणि माझ्या अविश्वासात मला मदत कर. लॉजिकच्या भाषेत ट्रू आणि फॉल्स एकाच वेळी. आपला कोड असं काही स्वीकारणार नाही, एरर टाकेल. येशूने ते स्वीकारलं. आधी शंका साफ करून ये, मग बघू, असं तो म्हणाला नाही. मुलगा बरा झाला तो त्या अर्ध्या विश्वासावरच.

आणखी एक गोष्ट बघा. मुलाला येशूकडे आणल्याबरोबर त्याला झटका आला, आणि शेवटी तर तो इतका निपचित पडला की लोक म्हणाले, गेला. म्हणजे येशूकडे आल्यावर काही क्षण परिस्थिती आधीपेक्षा वाईट दिसली. त्या क्षणी कोणी बापाला विचारलं असतं, काय रे, कमी पडला ना तुझा विश्वास, तर?

काही जण इथे नासरेथची आठवण देतील (मार्क ६:५-६). तिथे लोकांच्या अविश्वासामुळे येशूने फारशी अद्भुत कृत्यं केली नाहीत. खरं आहे. पण तिथल्या लोकांनी त्याला सुताराचं पोर म्हणून झटकून टाकलं होतं. हा बाप तर चालत आलाय, मुलाला धरून. ह्या दोघांना एकाच रांगेत उभं करता येत नाही.

आपला मराठी शब्दच बघा ना. "विश्वास" हा संस्कृत "श्वस्" धातूवरून आलाय, म्हणजे श्वास घेणे. निर्धास्तपणे श्वास घेता येईल अशा ठिकाणी असणं म्हणजे विश्वास. छाती फुगवून श्वास रोखून धरणं नव्हे, आणि आपण बऱ्याचदा तेच करतो! इब्री भाषेतला शब्द "एमुना". निर्गम १७:१२ मध्ये तो मोशेच्या हातांसाठी आलाय. अमालेकाशी लढाई चालू आहे, हात वर असले की इस्राएलाची सरशी होते. हात दुखायला लागतात. मग अहरोन आणि हूर त्याच्याखाली धोंडा ठेवून त्याला बसवतात आणि दोन बाजूंनी हात धरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात. तो स्थिरपणा म्हणजे एमुना. हबक्कूक २:४ मध्ये नीतिमान मनुष्य ज्यावर जगतो, तोही हाच शब्द. म्हणजे मोशेचा "विश्वास" मोजायचा तर त्यातले निम्मे स्नायू दुसऱ्यांचे निघतात.

मार्क २:५ हेही त्याच जातीचं. छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडलं, तेव्हा येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. खाटेवरचा माणूस तोवर एक शब्दही बोललेला नाही.

आता आपल्या नागपूरकडे येतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव आपल्या उपासना-संगीतातून सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांच्या विश्वासाची सुरुवात नागपूरहून निघालेल्या गाडीत झाली हे अनेकांना ठाऊक नसतं. संस्कृतचे जाणकार, नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे ग्रंथांच्या कामाला होते. नंतर राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. गप्पा झाल्या, त्यांनी नवा करार हातात ठेवला आणि म्हणाले, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. वाचायचं कबूल केलं म्हणून पेन्सिलीने खुणा करत वाचत गेले, पुस्तक आवडत नव्हतं तरी. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. जवळपास दोन वर्षं लागली, त्यात वाद, शंका, पत्रव्यवहार सगळं होतं.

पण माझं लक्ष जास्त लक्ष्मीबाईंकडे जातं. नवरा ख्रिस्ती झाला ही बातमी त्यांच्यावर आभाळ कोसळावं तशी कोसळली. वर्षानुवर्षं वेगळं राहणं, लहान दत्तूला सांभाळणं, लोकांचे बोल. पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी सोवळंओवळं आणि स्वयंपाक वेगळाच ठेवला. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. "स्मृतिचित्रे" वाचताना जाणवतं की त्यांच्यात बदल झाला तो जातिभेदाच्या प्रश्नावरून. माणसामाणसांत हा भेद देवाने केलेला असेल का, हा विचार त्यांनी स्वतःच केला, आणि सगळ्यांच्या हातचं खायचं ठरवलं ते बाप्तिस्म्याच्या आधी! आधी हात-पाय बदलले, मग तोंडाने कबुली आली. बाप्तिस्मा १९०० मध्ये. टिळक १९१९ ला वारले तेव्हा त्यांचं "ख्रिस्तायन" जेमतेम दहा-अकरा अध्यायांपर्यंत आलं होतं. शाळेचं शिक्षण नसलेल्या ह्या बाईंनी ते पुढे नेलं, चौसष्ट अध्याय लिहिले. एमुना अजून कसा दाखवायचा?

आता त्या ताईंकडे परत जाऊ. लेकरू बरं झालं नाही तर? मी इथे गुळगुळीत उत्तर देणार नाही. पौलाने त्रफिम नावाच्या सोबत्याला मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवलं (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३). पौलाच्या हातून लोक बरे झाले होते, तरी ह्या दोघांना "तुमचा विश्वास कमी आहे" असं त्याने एका शब्दाने सुनावलेलं नाही. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तर त्याने तीनदा विनंती केली, आणि काटा राहिलाच.

आणि शिष्यांनी घरात येऊन विचारलं, आम्हाला का जमलं नाही, तेव्हा येशूने बापाकडे बोट दाखवलं नाही. प्रार्थनेशिवाय हे निघत नाही, असं म्हणाला (काही प्रतींत उपासही आहे). म्हणजे कमी पडले असतील तर ते प्रार्थना करणारे. ज्याने त्या ताईंना ते वाक्य ऐकवलं, त्याने आणि आपण सगळ्यांनी, मीसुद्धा, आधी हे वचन वाचावं.

म्हणून ह्या आठवड्यात एक काम करू या. तुमच्या मंडळीत असं एक घर नक्की असेल. व्हॉट्सॅपवर हात जोडलेली इमोजी पाठवून थांबू नका. फोन करा, ओपीडीची तारीख विचारा, गाडी असेल तर सोडायला जा, रांगेत त्यांच्या जागी उभे राहा, रात्री एखादी पाळी घ्या म्हणजे आईला चार तास झोप मिळेल. त्यांच्याजवळ बसून प्रार्थना करताना लांबलचक बोलू नका. त्या बापाचं वाक्य पुरेसं आहे, आणि ते त्यांना म्हणता येत नसेल तर त्यांच्या वतीने तुम्ही म्हणा.

आमच्या गटाने शनिवारची पाळी माझ्याकडे दिली आहे.

उद्याचे वाचन : मार्क १०:४६-५२, आंधळा बार्तीमय.