उद्योजकांची मूल्ये व उद्दिष्टे : लिंगभावाच्या दृष्टीतून

प्रस्तावना
'पुरुष नफ्यासाठी उद्योग करतो, तर स्त्री संसाराला हातभार म्हणून' हे विधान आपण अनेकदा ऐकतो. ते कितपत टिकते, हे या उपघटकात आपण तीन उदाहरणांच्या आधारे तपासणार आहोत.

विवेचन
या भेदाची मीमांसा प्रामुख्याने दोन प्रकारे केली जाते. उदारमतवादी स्त्रीवादानुसार स्त्री-पुरुषांची क्षमता समानच असते. शिक्षण, भांडवल व मालमत्ता यांपासून स्त्री वंचित राहिल्याने फरक पडतो. सामाजिक स्त्रीवादानुसार दोघांची जडणघडण वेगळी असल्याने त्यांची मूल्येही वेगळी, परंतु तितकीच मोलाची असतात.

१९५९ साली मुंबईच्या गिरगावात ७ स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापडांचा उद्योग आरंभिला. त्यातूनच 'लिज्जत' उभे राहिले. सभासद 'बहिणी' केंद्रातून मळलेले पीठ नेतात, घरी पापड लाटतात आणि नफ्यातोट्याच्या समान वाटेकरी असतात. घर सांभाळून मिळकत हे उद्दिष्ट असूनही हा उद्योग देशभर विस्तारला. मात्र घरकामाचा भार स्त्रीवरच असल्यामुळे ही पद्धत सोयीची ठरली, हेही विसरता येत नाही. येथे निवड कोठे संपते आणि नाइलाज कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण आहे.

सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सभासद स्त्रिया निरक्षर असल्याने तिचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता. स्त्रियांनी अक्षरे गिरवली व पुन्हा अर्ज केला. येथे उणीव महत्त्वाकांक्षेची नव्हती, संधीची होती.

याउलट, लोखंडी नांगर बनविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर कारखान्यासोबत कामगारांची वसाहतही वसवली. म्हणजे सामाजिक हेतू ही केवळ स्त्रियांची मिरास नव्हे.

सारांश
उद्दिष्टांतील भेद दिसतो. परंतु तो स्वभावापेक्षा परिस्थितीतून अधिक घडतो. केवळ उलाढालीच्या मापाने यश मोजल्यास स्त्रीचा उद्योग 'लहान' ठरतो आणि त्याच कारणाने तिला कर्ज नाकारले जाते. मग अपुऱ्या भांडवलामुळे तो लहानच राहतो. म्हणून उद्योगाइतकेच त्याचे मापही तपासणे अगत्याचे आहे.

स्वाध्याय
आपल्या परिसरातील एक उद्योजक स्त्री व एक उद्योजक पुरुष यांची उद्दिष्टे जाणून घ्या. त्यांतील कोणते भेद निवडीतून व कोणते नाइलाजातून आले आहेत, ते सकारण लिहा.